छोटी गाडी, वॉरंटी संपल्यानंतर: काय बिघडले, काय टिकले

तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल, म्हणजे क्लच-गिअर आपोआप चालवणारा) गिअरबॉक्स असलेली छोटी हॅचबॅक मी नवी घेतली होती. तिची वॉरंटी संपून बरेच महिने झाले आहेत आणि गाडी अजूनही रोज चालते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण हीच रचना थोड्याफार फरकाने अनेक कंपन्यांच्या छोट्या गाड्यांत आढळते. माझे मत आधीच सांगतो. मूळ इंजिन भरवशाचे आहे. ते आजवर उघडावे लागलेले नाही. त्रास दिला तो त्याच्याभोवतीच्या लहानसहान भागांनी, आणि खर्च वाढला तो दोष नेमका कुठे आहे हे तपासण्याआधीच भाग बदलायला सांगण्याच्या पद्धतीमुळे.

एएमटीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अशी गाडी घेणाऱ्याला सर्वात जास्त धास्ती तिचीच असते. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच सोडण्या-धरण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे चालकाऐवजी ॲक्च्युएटर करतो. माझ्या गाडीत हे काम ऑइलच्या दाबावर होते: विजेवर चालणारा छोटा पंप दाब तयार करतो, तो ॲक्युम्युलेटरमध्ये साठून राहतो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपा) गरजेनुसार तो क्लचकडे किंवा गिअरकडे सोडतात. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की हा पंप क्षणभर घुर्रकन चालून थांबतो. वॉरंटी संपल्यानंतर काही काळाने, गाडी जागेवर उभी असताना आणि गिअर बदलत नसतानाही, तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होऊ लागला. त्याच सुमारास पहिल्या गिअरवर निघताना झटका बसू लागला आणि दुसरा गिअर पडायला नेहमीपेक्षा उशीर होऊ लागला.

सर्व्हिस सेंटरने गाडी एकदा चालवून पाहिली आणि क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलण्याचा अंदाज हातात दिला. परंतु क्लच खरोखर झिजलेला असता, तर चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज आणि फेरे वाढले असते आणि गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नसता. तसे एकदाही झाले नव्हते. म्हणून मी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावून ऑइलचा दाब किती वेळ टिकतो ते पाहण्याचा आग्रह धरला. पंप थांबताच दाब भराभर उतरत होता, म्हणजे दोष दाब साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरमध्ये होता. तो बदलला, ऑइलची पातळी नीट केली, स्कॅनरवरून क्लच लर्निंग (क्लच नेमका कुठे पकडतो हे संगणकाला नव्याने शिकवणे) करून घेतले आणि झटका थांबला. क्लचप्लेट आजही मूळचीच आहे.

या गिअरबॉक्सचे आयुष्य बरेचसे चालवण्याच्या सवयीवर ठरते, हे मात्र खरे. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली, की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल, तर ब्रेकवर पाय ठेवून गाडी गिअरमध्ये ठेवण्यापेक्षा न्यूट्रल करणे हिताचे, कारण एरवी क्लच सुटलेल्या अवस्थेत धरून ठेवण्यासाठी रिलीज बेअरिंगवर सतत भार येतो. दोन क्लचचा गिअरबॉक्स हा याहून वेगळा प्रकार आहे आणि दोन्हींच्या तक्रारी एकत्र करू नयेत. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधील कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सवरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला होता आणि त्यातील तडजोडीला २०२० मध्ये न्यायालयाने मान्यता दिली. एएमटीविषयी बोलतानाही अनेकदा त्याच गिअरबॉक्सच्या तक्रारी सांगितल्या जातात.

दुसरी मोठी अडचण गाडी सुरू होण्याची. सकाळी चावी फिरवली की सेल्फ जड फिरायचा, कधी नुसता खट् आवाज येऊन थांबायचा. बॅटरी जुनी झाली असे सांगून ती बदलण्यात आली, त्यामुळे काही आठवडे बरे गेले आणि मग तेच पुन्हा सुरू झाले. नवी बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि इंजिन सुरू असताना १४ च्या आसपास, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक होते. अखेर एका अनुभवी वायरमनने मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगितला. ही दोन्ही टोके एकाच अर्थिंगवर असल्याने काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर मधल्या जोडणीत अडथळा आहे असे समजावे. येथे तो एका व्होल्टच्या पुढे गेला. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी सोडवली, तेव्हा वरून घट्ट दिसणाऱ्या बोल्टखाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचलेली होती. पट्टी आणि बसण्याची जागा घासून स्वच्छ केली, बोल्ट पुन्हा आवळला, आणि त्यानंतर ही तक्रार आलेली नाही. जुन्या बॅटरीतही कदाचित आणखी काही महिन्यांचे आयुष्य शिल्लक होते.

सस्पेन्शनचे प्रकरण सर्वांत आधी सुरू झाले. हळू वेगात, लहान लहान खड्ड्यांच्या रस्त्यावर पुढच्या डाव्या बाजूने खडखड आवाज यायचा. मोठ्या गतिरोधकावर, दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, की तो येत नसे. या फरकातच उत्तर होते. स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड दोन्ही चाके कमी-जास्त उंचीवर असतात तेव्हाच कामाला लागतो, आणि त्याच्या टोकाचा छोटा बॉल जॉइंट सैल झाला की नेमका असाच आवाज होतो. तरीही पहिला सल्ला दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलण्याचा मिळाला, जरी त्यांच्यावर ऑइलचा ओघळ नव्हता आणि गाडी खड्ड्यानंतर हेलकावे खात नव्हती. दोन्ही चाकांखाली सारखा आधार देऊन लिंक रॉड हाताने हलवला, तेव्हा त्याचे खालचे टोक सहज लुटलुटत होते. तो भाग या गाडीतील सर्वात स्वस्त भागांपैकी एक आहे. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) रबरी बुश मात्र नंतर खरोखरच बदलावे लागले. त्यांच्या रबराला चिरा पडल्या होत्या आणि ब्रेक लावताना गाडी किंचित एका बाजूला ओढली जायची. बुश बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.

इंजिनची एकच तक्रार झाली. चढावर गाडी थरथरली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी काळजीपूर्वक गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसेच बाहेर पडत असते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) तापून निकामी होऊ शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय तत्काळ हलका करून सुरक्षित जागी थांबणे योग्य. स्कॅनरने पी०३०२ हा कोड दाखवला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणे). मेकॅनिकने दुसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरचे इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) आपसात बदलून पाहिले, तेव्हा कोड पी०३०१ झाला. दोष कॉइलबरोबर जागा बदलून गेला, म्हणून दोष कॉइलचाच. प्लग, इंजेक्टर आणि वायरिंगवर खर्च करण्याचे कारण उरले नाही. संपूर्ण काळात पाहिलेली सर्वात चोख तपासणी ही होती, आणि तिला पाने व स्कॅनर यांपलीकडे काहीही लागले नाही.

एसीचा गारवा कमी झाल्यावर दोनदा नुसता गॅस भरून देण्यात आला. बंदिस्त यंत्रणेत गॅस खर्च होत नसतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळत असतो. गळती शेवटी पुढच्या कंडेन्सरमध्ये (एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीत) सापडली, जिथे जाळीला दगडाचा बारीक मार बसला होता. ब्रेकने कधीच त्रास दिला नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो (डॉट ४ ऑइलसाठी किमान मर्यादा कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर १५५ अंश आहे), म्हणून दोन वर्षांनी ते बदलण्याचा नियम मी पाळतो. तीन सिलिंडरमुळे थांबलेल्या गाडीत थरथर जाणवते, ती या रचनेचा भाग आहे; ती अचानक वाढली तरच इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार) तपासावे.

हीच गाडी पुन्हा घेईन का, असे विचारल्यास उत्तर होकारार्थी आहे, मात्र मॅन्युअल गिअरमध्ये. इंजिनचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडण्यासाठी बेल्टऐवजी टायमिंग चेन (साखळी) आहे ही माझ्या दृष्टीने मोठी जमेची बाजू. फोर्डचे १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचे १.२ प्युअरटेक या छोट्या इंजिनांत ऑइलमध्ये बुडालेला टायमिंग बेल्ट वापरला गेला. त्याचे कण सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकल्याने इंजिनचे वंगणच कमी पडल्याच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत. म्हणून कोणतीही छोटी गाडी पाहताना चेन आहे, कोरडा बेल्ट आहे की ऑइलमधला बेल्ट, हे इंजिनच्या ताकदीइतक्याच बारकाईने विचारावे.

वापरलेली एएमटी गाडी घेणार असाल, तर इंजिन गार असतानाच पाहायला जा आणि बोनेट उघडण्याआधी चालकाचा दरवाजा उघडून पंप ऐका. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून दोन-तीन मिनिटे शांत बसा. पंप वारंवार सुरू होत असेल, तर ॲक्युम्युलेटरचा खर्च गृहीत धरून किमतीची बोलणी करा. आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतेच ओरडत असेल, तर संपूर्ण क्लच सेटचा.