‘सेल्फ-लॉकिंग’ प्रॉप अडॅप्टरच्या नावाखाली 9,960 रुपयांना चुना, वाचा आणि सावध रहा

ड्रोनवाल्यांच्या ग्रुपवर ‘7075 सीएनसी सेल्फ-लॉकिंग प्रॉप अडॅप्टर, दोन सुलटे दोन उलटे आटे’ असं लिहून हिरव्या कटिंग मॅटवरचा फोटो टाकणारा एक जण फिरतोय. प्रॉप अडॅप्टर म्हणजे ड्रोनचा पंखा मोटरच्या दांड्यावर (शाफ्टवर) बसवायचा जोड, सेल्फ-लॉकिंग म्हणजे फिरताना आपोआप आवळत जाणारा, 7075 म्हणजे मजबूत अ‍ॅल्युमिनियम आणि सीएनसी म्हणजे मशीनवर कातलेलं. त्याच्याकडून एक वॉशरसुद्धा घेऊ नका. माझा हिशोब असा: चार अडॅप्टरचा एक सेट 1,240 चा, असे तीन सेट 3,720. ‘कार्बन’ म्हणून दिलेल्या 1045 (दहा इंची) पंख्यांच्या चार जोड्या 1,360. कुरिअर 180. नंतर बदली माल ‘कस्टम्समध्ये अडकलाय’ म्हणून उकळलेले 1,150. झाले 6,410. वर ड्रोन पडला त्यात मोटर 780, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) 650, फ्रेमचा एक हात 220 आणि पिचकलेली 3एस (तीन सेलची) बॅटरी 1,900. एकूण 9,960 रुपये.

आता कोणी म्हणेल शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या वस्तूला एवढे पैसे घालवायचेच कशाला. ज्यांनी एफ450 या ड्रोन फ्रेमवर 2212 साइजच्या मोटर चालवल्यात त्यांना विचारा. 3.17 मिमीचा गुळगुळीत शाफ्ट, त्यावर मोटरसोबत येणारं कोलेटचं (शाफ्टला आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीचं) अडॅप्टर, आणि दहा इंची पंखा लावून जोरात थ्रॉटल दिला की कोलेट सरकतंय. चांगलं कातलेलं, शाफ्टवर घट्ट बसणारं अडॅप्टर मिळत असेल तर जास्त पैसे द्यायला माझी तयारी होती, त्यात भाच्याचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट तोंडावर आलेला आणि त्याच्या टीमलाही सेट हवे होते. स्वस्तात मिळतंय म्हणून हावरटासारखा धावलो नाही मी, उलट बाजारापेक्षा महाग घेतलं, आणि महाग घेणाऱ्याला खरा माल मिळेल असं कोणालाही वाटणारच ना.

जी गोष्ट आजही डोक्यातून जात नाही ती सांगतो. पाकीट फोडलं, नट टेबलावर पडले, दोन काळे दोन चंदेरी. काळा म्हणजे बहुतेक वेळा उलट्या आट्यांचा. घाईत एक काळा नट मी चंदेरी अडॅप्टरवर ठेवून फिरवला आणि तो सरळ खालपर्यंत गेला. कुठे अडकला नाही, तिरका झाला नाही, बोटांनीच तळाला टेकला. उलट्या आट्यांचा नट सुलट्या आट्यांवर जाऊच शकत नाही, एक वेढासुद्धा बसत नाही! तिथेच सगळं उघडं पडलं होतं. मी लगेच फोन लावला, तर म्हणतो, "सर, हे नवीन युनिव्हर्सल थ्रेड आहे, लॉक कोलेटमध्येच आहे, बिनधास्त उडवा." इतक्या ठामपणे बोलला की बास. पाकीट सीलबंद, रंग बरोबर, वर बोलणारा प्रत्येक पार्टचं नाव घेऊन बोलतोय, माणसाने किती संशय घ्यायचा?

चारही अडॅप्टर सुलट्या आट्यांचे होते, फक्त दोघांच्या नटांना काळा रंग फासलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या मोटरवर उलटे आटे लागतात, म्हणजे थ्रॉटल दिला की पंखा मागे रेटला जातो आणि नट आवळत जातो. तिथे सुलटा नट लावला की तोच धक्का नट सोडवतो. आमचा पुढचा डावा नट असाच सुटत गेला, वर थ्रॉटल मारला तसा पंखा उडाला आणि ड्रोन गरगरत माळावर आपटला. माणसं लांब होती म्हणून वाचलो, दहा इंची पंखा कोणाच्या तोंडावर गेला असता तर?

तुकडे घेऊन कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने मानेशी तुटलेलं अडॅप्टर भिंगाखाली धरलं, आत राखाडी, दाणेदार. "साहेब, हे ओतीव आहे, कातलेलं नाही. जस्ताचा माल दिसतोय, अ‍ॅल्युमिनियम इतकं जड नसतं." आणि खरंच, हातात घेतलं की कळतंय, जस्ताचा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीपेक्षा जड असतो. काटा असेल तर जुन्या खात्रीच्या अडॅप्टरशेजारी ठेवून वजन करा. पंखे पण कार्बन नव्हतेच, ब्लेडने खरवडल्यावर पांढरं प्लास्टिक.

मग सुरू झाली खरी फरफट. बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई म्हणते पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. पेमेंट अ‍ॅपवर तक्रार टाकली, ‘व्यवहार यशस्वी झाला आहे’ असा मेसेज पाठवून तक्रार बंद! अरे, यशस्वी झाला म्हणूनच तर रडतोय. पोलीस स्टेशनला गेलो, बाकड्यावर बसवून ठेवलं, नंतर जो आला त्याने आधी मलाच विचारलं, ड्रोनचं लायसन आहे का. 2 किलोच्या आतला ड्रोन धंद्यासाठी नसेल तर ड्रोन नियम 2021 प्रमाणे पायलट लायसन लागत नाही, हे मी त्यांना मोबाईलवर काढून दाखवलं, तर म्हणे आम्हाला कायदा शिकवू नका. वस्तू मिळाली ना, मग ही फसवणूक नाही, तुमचा आपापसातला व्यवहार आहे. म्हणजे चोराने दगड पाठवला असता तर गुन्हा, आणि खोटे आटे पाठवले तर व्यवहार? लेखी घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर दुसराच माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा, आणि आटे म्हणजे काय इथूनच सुरुवात. खेळण्याच्या विमानासाठी एवढं कशाला धावताय, असंही ऐकून घेतलं. टॅक्स भरणाऱ्या माणसाला 9,960 रुपयांसाठी अशी वागणूक मिळणार असेल तर हे भामटे मोकाटच फिरणार.

बिल मागा, जीएसटी नंबर नसेल तर तिथेच थांबा. माझ्याकडे फक्त चॅट आहे, तरी ते स्क्रीनशॉट, तुटलेला तुकडा, कुरिअरचं पाकीट सगळं जपून ठेवलंय. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात केस टाकता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही, तेव्हा मी टाकणारच आहे. बदली मालासाठी कोणी वर पैसे मागितले की ती दुसरी लूट समजा, ते 1,150 मला सगळ्यात जास्त झोंबलेत.

आणि अडॅप्टरबद्दल. कोलेट बसवताना शाफ्ट आणि कोलेट दोन्ही पुसून कोरडं करा, तेलाचा थेंब राहिला तर सरकणारच. पाच इंचीवाल्यांनो, तुमच्या एम5 (5 मिमी आट्यांच्या) शाफ्टवर नायलॉक नटच (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा, कारण थ्रॉटल सोडल्यावर ईएससी ब्रेक मारते तेव्हा जोर उलटा लागतो, आणि नायलॉक नुसत्या बोटांनी तळापर्यंत जायला लागला की फेकून द्या. थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा गोंद) पंख्याच्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पॉलिकार्बोनेट तडकतं. प्रत्येक वेळी बॅटरी बदलली की चारही नट पाना लावून बघायचे.

त्या माणसाचा जुना नंबर बंद झालाय, पण तोच हिरव्या मॅटचा फोटो दुसऱ्या नावाने परत फिरताना दिसलाय. तुम्हाला आला तर काळा नट चंदेरी अडॅप्टरवर फिरवून दाखव म्हणून लाइव्ह व्हिडिओ मागा. नट बसला किंवा त्याने टाळाटाळ केली की ग्रुपवर लगेच टाका आणि मला पण कळवा, माझ्या केसला जोडायचंय.