चारही शुभवर्तमानांचे मराठी श्राव्यवाचन: ऐकून झाल्यावरचे मत

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात चर्चच्या सणाला मिस्सा (मुख्य उपासनाविधी) संपल्यावर आवारात पुस्तके, जपमाळा आणि मेणबत्त्यांची टेबले लागतात. त्यांतल्याच एका टेबलावरून मी तळहाताएवढा स्पीकर घेतला. त्याच्या मेमरी कार्डात मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांचे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांचे, संपूर्ण मराठी वाचन आहे. त्यांचे अध्याय अनुक्रमे २८, १६, २४ आणि २१, म्हणजे एकूण ८९ होतात. किंमत सामान्य कुटुंबाला परवडेल अशी आहे. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे आणि ज्यांचे हात दिवसभर कामात गुंतलेले असतात, अशांसाठी तो बनवला आहे, हे त्याच्या मोठ्या बटणांवरूनच कळते. मी तो घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेतला आणि त्यांच्यासोबत बसून सगळा ऐकला.

या वाचनाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यात चार शुभवर्तमाने चारच राहिली आहेत. येशूचे चरित्र सांगणाऱ्या बहुतेक ध्वनिफिती आणि नाट्यरूपे चौघांचे सांगणे एकत्र करून एकच सलग गोष्ट तयार करतात, आणि ऐकणाऱ्यालाही तीच मूळ वाटू लागते. नाताळात आपण घरोघरी जो गोठा मांडतो, त्यात मेंढपाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी एकाच वेळी गुडघे टेकून असतात. परंतु मेंढपाळ आणि गव्हाणी लूक सांगतो, तर ज्ञानी, तारा आणि मिसर देशाला पलायन मत्तय सांगतो. मार्कात जन्माची कथाच नाही, त्याचा येशू थेट यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला येतो, आणि योहान तर सृष्टीच्याही आधीपासून सुरुवात करतो. गोठा मांडण्यात काहीच गैर नाही, तो मलाही प्रिय आहे. तरीही प्रत्येक साक्षीदाराला त्याचे म्हणणे शेवटपर्यंत मांडू दिले की येशूची जी ओळख होते, ती एकत्र केलेल्या कथेत होत नाही. क्रूसावरच्या सात उद्गारांचेही तसेच आहे. गुड फ्रायडेला आपण सातांवरही मनन करतो, पण एकाही शुभवर्तमानात ते सातही नाहीत: लूक तीन देतो, योहान वेगळे तीन देतो, आणि "माझ्या देवा, माझा त्याग का केलास" हा एकच आक्रोश मत्तय आणि मार्क या दोघांकडे आहे. मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत ऐकावे आणि त्यात क्रूसावरून तेवढा एकच उद्गार कानी पडावा, हा अनुभव फार जड आहे. तो या संचामुळे मिळतो.

ज्यांनी नुकताच संच घेतला असेल त्यांनी मत्तयापासून नव्हे, तर मार्कापासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मार्क सर्वांत लहान आहे, सुमारे दीड तासात संपतो आणि त्याची गती आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच धरते. पहिल्याच अध्यायात शिमोन आणि आंद्रिया पाग टाकताना भेटतात, तर याकोब आणि योहान बापाबरोबर होडीत बसून जाळी नीट करत असतात, आणि हाक आल्यावर ते ती जाळी तशीच टाकून निघतात. वाचकाचा आवाज मध्यम वयाच्या पुरुषाचा, स्वच्छ आणि न चढणारा आहे. येशूचे बोलणे आले म्हणून तो आवाज गंभीर करत नाही आणि त्याला विरोध करणारे परूशी (यहुदी धर्मपंथातले लोक) बोलू लागले म्हणून दुष्टही करत नाही.

मत्तयाच्या सुरुवातीला मात्र हाच वाचक घाई करतो. चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांची ती वंशावळ पुष्कळांना कंटाळवाणी वाटते हे खरे, परंतु त्या पुरुषांच्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रिया मत्तयाने मुद्दाम ठेवलेल्या आहेत. वाचन इतके भरभर केल्यामुळे त्या कानावरून निसटून जातात. याहून मोठी उणीव पुढे पाचव्या अध्यायापासून जाणवते. डोंगरावरील प्रवचन पाच, सहा आणि सात या तीन अध्यायांत पसरलेले आहे, आणि प्रत्येक अध्यायाच्या आधी संचात वाद्याचा एक तुकडा वाजून अध्यायाचा क्रमांक सांगितला जातो. शत्रूवर प्रीती करा, आपल्या स्वर्गातील पित्यासारखे पूर्ण व्हा, असे सांगून झाल्यावर येशू त्याच दमात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास हे लोकांना दिसावेत म्हणून करू नका, याकडे वळतो. नेमके तिथेच वाद्य वाजते. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली आहे, मूळ लेखकांची नाही. संदर्भ शोधायला ती सोयीची आहे, पण कानाने ऐकणाऱ्यासाठी निर्मात्यांनी हे तीन अध्याय अखंड ठेवायला हवे होते.

तेराव्या अध्यायाचा अनुभव वेगळा सांगितला पाहिजे. आमच्या घराशेजारी माडांच्या सावलीत रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासेमारी करणारी) म्हातारी मंडळी जाळ्याची फाटलेली आसे सांधत बसतात. तिथे मी हा अध्याय लावला. पेरणाऱ्याचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा), गव्हातल्या निदणाचा म्हणजे तणाचा दाखला, मोहरीचा दाणा हे सर्व त्यांनी मान खाली घालून, सुतळी ओढत ऐकले. शेवटी समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा दाखला आला: जाळ्यात सर्व जातींचे मासे येतात, ते भरल्यावर माणसे ते किनाऱ्यावर ओढतात आणि मग बसून चांगले भांड्यांत भरतात व निकामी फेकून देतात. तेव्हा एका आजोबांचा हात थांबला आणि ते म्हणाले, "ता रापणीचा परत लाव गो बाय." मला ते लावता आले नाही, कारण संचात अध्यायाच्या मधल्या एखाद्या जागी मागे जाण्याची सोयच नाही, पुन्हा पेरणाऱ्यापासून सुरू करावे लागले. त्यांनी तेही ऐकले. मग आपणहून म्हणाले की पाण्यात असताना कोणी मासळी निवडत नाही, ओढून वाळूत आणल्यावरच निवडतात. निदणाच्या दाखल्यातला मालकही चाकरांना हेच सांगतो, की कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, कारण निदण उपटताना गहूही उपटला जाईल. माणसांची निवड करण्याचा अधिकार आपला नाही आणि तिची वेळही अजून आलेली नाही, ही येशूची शिकवण मी आजवर अनेक प्रवचनांत ऐकली होती, पण इतकी थेट कधीच पोचली नव्हती. अशा जागा पुन्हा ऐकता याव्यात म्हणून निदान अर्धा मिनिट मागे जाण्याचे एक बटण हवेच.

लूकाचे वाचन संपूर्ण संचात सर्वांत चांगले झाले आहे. दयाळू शोमरोनी आणि उधळ्या पुत्र हे दोन्ही दाखले फक्त लूकाकडेच आहेत. पंधराव्या अध्यायात शंभरातले एक मेंढरू, दहातले एक नाणे आणि दोघांतला एक मुलगा अशा क्रमाने हरवण्याची गोष्ट अधिकाधिक जवळ येत जाते, आणि सुदैवाने हे सगळे एकाच अध्यायात असल्यामुळे मध्ये वाद्य वाजत नाही. बाप अंगणात येऊन थोरल्या मुलाची समजूत काढतो आणि तिथेच दाखला संपतो. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. वाचकाने त्या ठिकाणी काही क्षण थांबून मगच पुढचा अध्याय घेतला आहे. हा विराम ज्याने ठरवला, त्याला मजकूर मनापासून कळलेला आहे.

ध्वनिपरिणामांबाबत मात्र माझी तक्रार आहे. वादळ शमवण्याच्या प्रसंगात किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज घातला आहे. गालीलचा समुद्र हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या २०० मीटरांहून अधिक खाली. भोवतालच्या डोंगरांवरून वारा अचानक खाली उतरतो आणि तिथले पाणी खवळते. १९८६ मध्ये त्याच्या काठच्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक होडी सापडली, ती ८ मीटरांहून थोडीशीच लांब आहे. एवढ्याशा होडीत मागच्या बाजूला उशीवर येशू झोपलेला आहे, पाणी आत येत आहे आणि त्याला उठवणाऱ्यांत जन्मभर मासेमारी केलेली माणसे आहेत, हे चित्र आमच्याकडच्या कोणालाही पार्श्वध्वनीशिवाय दिसते. दुःखसहनाच्या अध्यायांत तर तंतुवाद्य इतके मोठे केले आहे की रोमन सुभेदार पिलातापुढच्या येशूच्या मौनाला जागाच उरत नाही.

मार्काच्या शेवटीही काळजी घ्यायला हवी होती. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी, रिकाम्या कबरेपासून भयभीत होऊन पळालेल्या स्त्रियांपाशी संपते, आणि पुढची बारा वचने नंतर जोडली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. अनेक छापील आवृत्त्यांत तिथे कंस किंवा टीप असते. इथे वाचक एका श्वासात पुढे जातो. एक साधे वाक्य पुरले असते.

योहान ऐकायला कठीण जातो. तेराव्या अध्यायातले शिष्यांचे पाय धुणे डोळ्यांपुढे उभे राहते, पण त्यानंतरची निरोपाची दीर्घ भाषणे थोडी थोडी ऐकावीत. शेवटचा अध्याय मात्र पहाटे ऐकण्यासारखा आहे: रात्रभर रिकामे गेलेले जाळे, मग १५३ मोठे मासे, आणि काठावर पेटलेल्या कोळशांवर भाजलेली मासळी व भाकर घेऊन वाट पाहणारा पुनरुत्थित प्रभू.

या किनारपट्टीला येशूचे चरित्र कानाने ऐकण्याची सवय जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले आणि चर्चमध्ये गायले जात असे. त्या परंपरेच्या जवळ बसेल असा साधा, संथ आवाज या संचात आहे, म्हणूनच त्याच्या उणिवा मला इतक्या लागल्या.

यंत्राविषयी थोडक्यात: एकदा चार्ज केल्यावर दिवसभराचे ऐकणे होते. वाऱ्यात आवाज अपुरा पडतो, त्यामुळे होडीवर त्याचा फारसा उपयोग नाही. खारट हवेने चार्जिंगची जागा गंजू नये म्हणून वापर झाल्यावर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. घेताना टेबलावरच मत्तयाचा तेरावा आणि लूकाचा पंधरावा अध्याय लावून पाहावा, आणि सोबत मोठ्या अक्षरांतले छापील शुभवर्तमान घ्यावे, म्हणजे कोणी एखादी जागा पुन्हा मागितली की ती घरातल्या कोणालाही वाचून दाखवता येईल.