ऑटोस्केलिंगचा डेमो पाहून भुललो

आमचं ॲप्लिकेशन कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या यंत्रणेवर होतं, पण ट्रॅफिक वाढलं की रात्री कुणीतरी उठून पॉड, म्हणजे ॲप्लिकेशनच्या चालू प्रती, हाताने वाढवायचं. त्याला कंटाळून ऑटोस्केलिंग, म्हणजे हीच वाढ-घट आपोआप होण्याची सोय, लावून देणारा एक सल्लागार गाठला. फी ठरली महिन्याच्या क्लाउड बिलाच्या टक्क्यांत. बिल जितकं फुगेल तितका त्याचा खिसा भरणार, हे सही करताना माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे.

डेमो झकास झाला. त्याने स्वतःच्या स्क्रीनवर लोड टेस्ट, म्हणजे मुद्दाम सोडलेलं ट्रॅफिक, सुरू केली आणि पॉड ४चे ८, ८चे १६ झाले. मागोमाग नोडही, म्हणजे पॉड ज्यांवर चालतात ती मशीनही वाढली. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या!

पंधरवड्याने खरी गर्दी आली, तेव्हा पॉड ४चे ४च. साइट आडवी. "क्लाउडकडूनच काहीतरी गडबड असेल," सल्लागार म्हणाला. त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः 'कुबेक्टल गेट एचपीए' ही कमांड चालवली. एचपीए म्हणजे पॉड आपोआप वाढवणारा-कमी करणारा कुबरनेटिसचा भाग. टार्गेटच्या रकान्यात ७०%च्या आधी लिहिलेलं: 'अननोन'. एचपीए साधारण दर १५ सेकंदांनी सीपीयूचा वापर बघतो, पण तो आकडा मेट्रिक्स सर्व्हर या वेगळ्या घटकाकडून येतो, आणि तो सर्व्हर बसवलेलाच नव्हता. मग डेमोत पॉड वाढवले कुणी? एका क्रॉनजॉबने, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने. आत पॉडची संख्या थेट बदलणारं 'कुबेक्टल स्केल', वेळ बरोबर डेमोची. बहाद्दराने तो पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

मेट्रिक्स सर्व्हर बसवला तेव्हा बिल का फुगलं, हेही कोडं सुटलं. नोड वाढवणारा-कमी करणारा क्लस्टर ऑटोस्केलर नोड किती लागतील हे प्रत्यक्ष वापरावरून ठरवत नाही, पॉडच्या रिक्वेस्टवरून, म्हणजे पॉडसाठी राखून मागितलेल्या सीपीयू-मेमरीवरून ठरवतो. एरवी २०० मिलिकोअर, म्हणजे सीपीयूच्या एका कोअरचा पाचवा हिस्सा खाणाऱ्या आमच्या पॉडला रिक्वेस्ट लावली होती २ कोअरची. शिवाय लहानसहान पॉडवरही 'सेफ-टू-इव्हिक्ट' (हलवायला हरकत नाही) या खुणेला 'फॉल्स' लावून ठेवलेलं, म्हणजे असा पॉड ज्या नोडवर असेल तो नोड ऑटोस्केलर काढणार नाही. डेमोत वाढलेले नोड जवळजवळ रिकामे उभे होते.

असं काम कुणाला देणार असाल तर लोड त्याच्या हाती सोडू नका. न सांगता, आपल्या मशीनवरून सोडा आणि 'कुबेक्टल डिस्क्राइब एचपीए'मध्ये 'सक्सेसफुलरीस्केल', म्हणजे एचपीएनेच पॉडची संख्या बदलल्याची नोंद, येतेय का ते बघा. फी एकरकमी ठरवा, आणि काम झालं की त्याचा ॲडमिन ॲक्सेस त्याच दिवशी काढा. आम्ही तो फार उशिरा काढला.

क्रॉनजॉबचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. महिन्याचं इन्व्हॉइस मात्र आलं, रिकाम्या नोडची टक्केवारी धरून.