फ्लो मीटरचं सेटिंग कन्व्हर्टर: टायपिंग वाचवतं, तपासणी नाही

ध्वनिलहरींनी पाइपमधला प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक फ्लो मीटरचा ट्रान्समीटर (आकडेमोड करून वाचन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलताना जुनी कॉन्फिगरेशन फाइल वाचून नव्या मॉडेलची फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे कन्व्हर्टर, कामाचं आहे, यात वाद नाही. व्यास, भिंतीची जाडी, लायनिंग (आतलं अस्तर), द्रव, ट्रान्सड्यूसरचा (ध्वनी सोडणारा-पकडणारा सेन्सर) प्रकार आणि मांडणी हे सगळं हाताने भरताना एखादा आकडा हमखास चुकतो. तो धोका टळतो. मात्र जुन्या फाइलमध्येच चूक असेल तर तीही तितक्याच इमानाने नव्या मीटरमध्ये येते.

उदाहरणार्थ, २०० मिमीचा स्टील पाइप घ्या. बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, शेड्यूल ४० ची (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा प्रमाणित वर्ग) जाडी ८.१८ मिमी. जुन्या मीटरमध्ये कुणी शेड्यूल ३० ची ७.०४ भरून ठेवली असेल, तर आतलं क्षेत्रफळ सव्वादोन टक्क्यांनी जास्त धरलं जातं आणि प्रवाहही तेवढाच फुगतो. म्हणून जाडी गेजने प्रत्यक्ष पाइपवर मोजा, फाइलवर जाऊ नका.

झिरो ऑफसेट (प्रवाह नसताना वाचन शून्यावर आणणारी दुरुस्ती) तर कन्व्हर्टरने आणला तरी पुसून टाका. मीटर प्रवाह काढतो तो ध्वनीच्या जाण्या-येण्याच्या वेळांतल्या फरकावरून, आणि प्रवाह मंद असताना हा फरक अवघा काही नॅनोसेकंदांचा असतो. तो ऑफसेट जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा आणि त्या ट्रान्सड्यूसर जोडीचा होता, नव्याला तो लागू पडत नाही. पाइप भरलेला ठेवून दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, पाणी स्थिरावू द्या आणि झिरो नव्याने घ्या. व्हॉल्व्ह गळत असेल तर ती गळतीच झिरो म्हणून साठवली जाते, हेही लक्षात असू द्या.

लो-फ्लो कट-ऑफ (ज्याखालचा प्रवाह मीटर शून्य धरतो ती मर्यादा) ही सर्वांत फसवी जागा. जुन्यात ०.०३ मीटर प्रतिसेकंद असेल, तर वरच्या पाइपमध्ये ते साधारण ३.५ घनमीटर प्रतितास होतात. नवा मीटर कट-ऑफ स्पॅनच्या (मापनाची पूर्ण कक्षा) टक्क्यांत मागत असेल आणि स्पॅन ३०० घनमीटर प्रतितास असेल, तर तिथे १.१६ हवं. ०.०३ तसंच राहिलं तर पंप बंद असतानाही टोटलायझर (एकूण प्रवाहाची बेरीज ठेवणारा आकडा) सरकत राहतो. गॅलनचंही तसंच: अमेरिकी ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. डॅम्पिंग (वाचनातले चढउतार सौम्य करणारं सेटिंग) सेकंदांत आहे की नमुन्यांच्या संख्येत, एवढं पाहून पुढे जा.

फाइल चढवल्यावर मीटरने स्वतः मोजलेला ध्वनिवेग आधी बघा. पाणी २० अंशांवर असेल तर १४८२ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास दिसायला हवा, ६० अंशांवर १५५० च्या जवळ. तापमान बरोबर असूनही मोठा फरक दिसला, तर ट्रान्सड्यूसरमधलं अंतर, जाडी किंवा लायनिंग यांपैकी काहीतरी चुकलंय. तिथे प्रवाह जुळावा म्हणून के-फॅक्टर (वाचनाला गुणणारा दुरुस्तीचा आकडा) फिरवू नका. मूळ चूक झाकली जाते आणि प्रवाह बदलला की पुन्हा डोकं वर काढते.

मॉडबसच्या (मीटरचं वाचन इतर यंत्रांना पाठवण्याची संदेशपद्धत) बाबतीत मात्र या कन्व्हर्टरला जास्त गुण देता येत नाहीत. मीटरच्या बाजूचा बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी (संदेशातली चूक पकडणारी खूण) आली तरी पीएलसीमधले (यंत्रणा चालवणारा नियंत्रक संगणक) पत्ते कोण बदलणार? रजिस्टर (आकडा ठेवलेली जागा) एकाने सरकलं किंवा फ्लोटमधले (दशांश आकडा) दोन शब्द (१६ बिटांचे भाग) उलटे वाचले गेले, की पडद्यावर भलताच आकडा येतो. ४-२० मिलिअँपिअरच्या सिग्नलसाठी मीटरमधून १२ मिलिअँपिअर सोडून पाहा: ०-३०० च्या स्पॅनला पीएलसीत १५० यायलाच हवेत.

आणि जुना ट्रान्समीटर काढण्याआधी टोटलायझरचं शेवटचं वाचन तारीख-वेळेसह लिहून ठेवा. सेटिंगच्या फाइलमध्ये ते असेलच असं नाही.