‘रॅम्प घासून देतो’ : नव्या कॉम्पॅक्ट पिस्तुलाच्या दुरुस्तीत होणारी फसवणूक

बिलावर चार ओळी असतात: रॅम्प (काडतूस नळीत चढतं ती चढण) पॉलिश, रिकॉइल स्प्रिंग, नवी साइट (नेम धरायची खूण), जादा मॅगझिन (काडतुसं भरायचा खोका). पिस्तूल कोरं, जेमतेम शंभर राऊंड मारलेलं. खरा दोष असतो एका मॅगझिनच्या स्प्रिंगमध्ये, आणि ते मॅगझिन वॉरंटीत बदलून मिळालं असतं. पण रॅम्पला एकदा कानस लागली की कंपनी हात वर करते आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती मालकाच्या खिशातून होते. ही फसवणूक इतक्या ठरावीक वाटेने चालते की ती पावलापावलाने लिहून ठेवता येते.

तिचं भांडवल म्हणजे एक अर्धसत्य: ‘कॉम्पॅक्ट म्हटलं की एवढं करावंच लागतं.’ यातला खरा भाग असा. छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे प्रत्येक बाराला मागेपुढे सरकणारा वरचा भाग, हलकी असते, तिला मागे जायला अंतर कमी मिळतं, म्हणून तिला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग कडक बसवलेली असते. स्लाइड चटकन मागे जाऊन चटकन परत येते. तेवढ्या वेळात मॅगझिनने पुढचं काडतूस वर आणून ठेवायचं असतं. त्यामुळे मोठ्या पिस्तुलात खपून जाणारी ढिली पकड, नरम काडतूस किंवा मंद मॅगझिन इथे लगेच नडतं. खोटा भाग असा, की म्हणून पिस्तूल घासावं लागतं. नडतं ते बहुतेक वेळा मॅगझिन, काडतूस किंवा हात. आणि ही तीनही कारणं कानस न लावता तपासता येतात.

सुरुवात साफसफाईपासून. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही खात्री करा, मगच पिस्तूल उघडा. नव्या पिस्तुलावर गंजरोधक दाट तेल किंवा ग्रीस असतं. ते साठवणीसाठी असतं, चालवण्यासाठी नाही. चेंबर, काडतुसाचं रिकामं कवच (केस) बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा आणि काडतुसाच्या बुडाला टेकणारा ब्रीच फेस कोरडे पुसा, स्लाइड सरकते त्या रेल्सवर तेलाचा एकेक थेंब द्या. मॅगझिनच्या आत तेल सोडू नका, त्यात धूळ आणि न जळलेल्या दारूचे कण चिकटून बसतात. ‘आमच्याकडून सर्व्हिस करून घ्या’ म्हणत पहिला पैसा बहुधा याच दहा मिनिटांच्या कामाचा घेतला जातो. तो गेला तरी एक वेळ चालेल. पुढचं नुकसान भरून निघत नाही.

आता फीडिंग, म्हणजे मॅगझिनमधून काडतूस चेंबरमध्ये चढणं. ‘अडकतंय’ एवढंच सांगणारा गिऱ्हाईक फसवायला सगळ्यात सोपा. कुठे अडकलं, कसं अडकलं, कितवं काडतूस होतं आणि कोणतं मॅगझिन होतं, या चार गोष्टी वहीत असल्या की समोरच्याची निम्मी बडबड आपोआप थांबते. मॅगझिनच्या तळाला मार्करने १, २, ३ असे आकडे टाका. गोल नाकाचं, गोळीवर धातूचं पूर्ण आवरण (जॅकेट) असलेलं कारखान्याचं काडतूस घ्या, शक्य तर दोन वेगवेगळ्या बनावटींचं. एकूण दोनशे राऊंड पुरतात. प्रत्येक वेळी अडकलं (स्टॉपेज) की हात आवरा, ट्रिगरवरचं बोट काढा, नळी टार्गेटकडेच ठेवा, बघा, लिहा, मग मोकळं करा.

काडतुसाचं नाक खाली झुकून रॅम्पच्या पायथ्याशी रुतलं असेल तर आधी मॅगझिनवर संशय घ्या. भरलेल्या मॅगझिनचं पहिलंच काडतूस रुतत असेल तर नवी स्प्रिंग फार ताठ आहे, किंवा मॅगझिन पूर्ण वर बसलेलं नाही. तळाला तळहाताने ठोका देऊन ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवा, आणि मॅगझिन पाच-सहा दिवस भरून ठेवून पुन्हा बघा. शेवटची एक-दोन काडतुसं रुतत असतील आणि मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकत नसेल, तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा सफाईनंतर उलटी बसली आहे. उलटी स्प्रिंग ही फार मामुली चूक, पण तिच्यावर रॅम्पची बिलं फाटलेली आहेत. बहुतेक मॅगझिनमध्ये स्प्रिंगचं वरचं वळण फॉलोअरच्या (काडतुसं वर ढकलणाऱ्या तुकड्याच्या) पुढच्या बाजूला उंच असतं. उघडण्याआधी फोटो काढला की हा घोळ होत नाही.

स्लाइड पूर्ण बंद व्हायला दोन-तीन मिलिमीटर कमी पडत असतील तर वेगळी कारणं शोधायची: चेंबरमधलं ग्रीस, लांब किंवा तोंडाशी फुगलेलं काडतूस, आणि सर्वांत जास्त वेळा, स्लाइड हाताने धरून हळूहळू पुढे सोडण्याची सवय. स्लाइड पूर्ण मागे ओढून एकदम सोडायची असते. रिकामी केस इजेक्शन पोर्टमध्ये (ती बाहेर पडायच्या खिडकीत) उभी अडकली, तर ढिलं मनगट किंवा नरम काडतूस आधी, एक्स्ट्रॅक्टर नंतर. पकडणारा माणूस बदलून दहा राऊंड मारले की मनगटाचा निकाल लागतो. स्लाइड मॅगझिन संपण्याआधीच मागे अडकत असेल तर आधी अंगठा बघा, छोट्या ग्रिपवर तो स्लाइड स्टॉपला (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याला) सहज लागतो. जुनी केस चेंबरमध्येच राहून मागून दुसरं काडतूस येऊन आदळत असेल, तर मात्र एक्स्ट्रॅक्टरकडे खरंच बघावं लागतं.

७.६५ मिमी, म्हणजे .३२ बोअरच्या पिस्तुलांना याशिवाय एक खास दुखणं आहे. या काडतुसाची कड केसपेक्षा किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन हलत नाही. पोकळ नाकाच्या आखूड काडतुसांत हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये त्यांना मागेपुढे सरकायला जागा मिळते. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवा, वरच्याची कड खालच्याच्या पुढे आहे ना बघा. या दोषावर रॅम्प घासणं म्हणजे दातदुखीवर गुडघ्याला लेप.

काडतुसातला दोष नळी काढून तपासता येतो. नळी उभी धरून काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते स्वतःच्या वजनाने ‘टक्’ करून बसलं, बोटाने फिरलं आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं, तर ठीक. ९ मिमी पॅराबेलमची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिमी असावी लागते. एका डब्यातली दहा काडतुसं व्हर्नियरने मोजा. लांबी उड्या मारत असेल, केसच्या बुडावरचे शिक्के वेगवेगळे असतील, प्रायमरभोवती (बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीभोवती) ओरखडे असतील, तर ‘फॅक्टरी’ म्हणून विकलेला माल बहुधा पुन्हा भरलेला आहे. हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. एखादा बार फुसका वाजला तर तिथेच थांबा आणि पिस्तूल रिकामं करून नळी आरपार बघा. गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते.

हे सगळं न बघता ‘रॅम्प खडबडीत आहे, घासून देतो’ म्हणणाऱ्याविषयी जरा सविस्तर. रॅम्प म्हणजे मॅगझिनमधून चेंबरमध्ये काडतूस चढतं ती चढण. बऱ्याच कॉम्पॅक्ट पिस्तुलांत ती नळीचाच भाग असते, काहींत अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर असते. फ्रेमवर असेल तर वरचा कडक अॅनोडाइज्ड थर कापडाच्या चाकाने आणि पॉलिशने निघून जातो, खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि काडतुसांच्या नाकांनी त्यात खळगे पडत जातात. नळीवर असेल तर धोका मोठा. रॅम्पचा वरचा काठ जिथे चेंबरला मिळतो, तिथे केसच्या बुडाला आधार मिळतो. कोन बदलला, काठ मागे सरला, की तेवढी केस उघडी राहते. दाब आल्यावर ती त्या जागी फुगते, कधी फुटते. बाहेर पडलेल्या केसच्या बुडाजवळ एका बाजूला हसल्यासारखा फुगवटा दिसला तर ती नळी पुन्हा वापरू नका. ज्याने रॅम्प घासला तोच मग म्हणतो, ‘नळीच सदोष होती, नवी घालू.’ म्हणजे एकाच दोषाची दोनदा कमाई, आणि पहिल्या वेळी दोष नव्हताच.

‘स्प्रिंग थोडी कापून देतो’ हा त्याचाच भाऊ. एक वळण कापलं की स्लाइड सहज ओढली जाते, गिऱ्हाईक खूष होतं. पण स्लाइड जोरात मागे आदळायला लागते आणि फ्रेम मार खाते. उलट जास्त कडक स्प्रिंग घातली तर स्लाइड मॅगझिनच्या आधी पुढे पळते. स्प्रिंग बदलायची तर त्याच मॉडेलची, त्याच वजनाची.

दुसरा सापळा वेळकाढूपणाचा. ‘अजून पाचशे राऊंड मारा, मग बसेल’ असं सांगतात, आणि काडतुसं त्यांच्याकडूनच घ्यायची असतात. तोवर परत करण्याची मुदत टळून जाते. दोनशे राऊंडांपर्यंत भाग एकमेकांत बसतात, हे म्हणणं रास्त आहे. दोनशेनंतरही त्याच जागी, त्याच प्रकारे अडकत असेल तर ते बसणं नव्हे, दोष आहे. तक्रार लेखी करा, वहीचं पान जोडा.

मॅगझिनच्या नकला तर सर्रास मिळतात. अस्सल मॅगझिन शेजारी ठेवून बघा: वेल्डिंगची रेघ, मोजणीच्या भोकांमधलं अंतर, फॉलोअरचा रंग आणि घट्टपणा, स्प्रिंगची वळणं. वरच्या दोन ओठांमधलं अंतर पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंनी मोजा. अस्सल मॅगझिन नीट चालतं आणि नवं घेतलेलं अडकतं, तर उत्तर तिथेच मिळालं.

साइटची फसवणूक अधिक शांतपणे होते. गोळ्या डाव्या-खालच्या बाजूला जातात आणि माणूस दुकानात जाऊन म्हणतो, ‘साइट वाकडी आहे.’ उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली-डावीकडे जाण्याचं नेहमीचं कारण ट्रिगर झटकणं हे आहे. दुसऱ्याला मॅगझिन भरायला सांगा, मध्ये दोन-तीन डमी काडतुसं घालायला सांगा. डमीवर नळीने खाली डुबकी मारली तर साइटला हात लावू नका. डुबकी नसेल तर बाकावर वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, एकाच बनावटीच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप मारा, आणि मग तेच एखाद्या मुरलेल्या नेमबाजाकडून मारून घ्या. दोघांचे ग्रुप घट्ट आणि एकाच जागी सरकलेले असतील तरच प्रश्न साइटचा.

मग हिशेब सोपा आहे: चुकीचं अंतर गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. साइटमधलं अंतर १५० मिमी, टार्गेट १५ मीटरवर, गोळी १०० मिमी डावीकडे, तर १०० × १५० ÷ १५,००० = १ मिमी. मागची (रिअर) साइट जिकडे गोळी न्यायची तिकडे सरकवायची, पुढची (फ्रंट) साइट उलट्या दिशेने. गोळी खाली पडत असेल तर फ्रंट साइट बुटकी हवी, वर जात असेल तर उंच. खाली जाणाऱ्या गोळीवर दुकानात फ्रंट साइटच घासतात. घासलेला लोखंडाचा कण परत चिकटत नाही. खरा प्रश्न मनगटाचा निघाला तर मग नवी साइट. त्याआधी हेही विचारून घ्या, की कंपनीने पिस्तूल कोणत्या पद्धतीने झीरो केलं (नेमाशी जुळवलं) आहे. काही पिस्तुलं फ्रंट साइटवरच्या पांढऱ्या ठिपक्याने नेमाची जागा झाकून मारायची असतात. तिथे फ्रंट साइटच्या पात्याची वरची कड मध्याला लावली तर १५ मीटरवर गोळी सहज तीन सेंटिमीटर खाली जाते, आणि साइट अगदी बरोबर असते. काडतुसाचं वजनही धरा. सारख्या अंतरावर ११५ ग्रेनपेक्षा १४७ ग्रेनची संथ गोळी साधारणपणे वर लागते.

साइट सरकवायची तर पितळी किंवा नायलॉनचा पंच, नाहीतर साइट ढकलायचं हत्यार (साइट पुशर). साइट बसते त्या खाचेपाशी साइट आणि स्लाइड दोन्हींवरून जाणारी पातळ रंगरेघ मारून ठेवा. ती तुटली तर साइट आपोआप सरकते आहे, हे कळतं.

‘ट्रिटियम’ (अंधारात स्वतःहून तेवत राहणारं किरणोत्सारी द्रव्य) म्हणून विकलेल्या साइटमध्ये नुसता चमकणारा रंग असणं हा जुना खेळ. दुकानात टॉर्च मारून दाखवतात, ट्रिटियम आणि रंग दोन्ही सारखेच चमकतात. साइट डब्यात बंद करून रात्रभर अंधारात ठेवा आणि डोळे अंधाराला सरावल्यावर उघडा. रंग विझलेला असतो, ट्रिटियम तेवढंच तेवत असतं. त्याची अर्धायू १२.३ वर्षं आहे, म्हणून साइटवर बनावटीचं वर्ष बघा. ‘नवी’ म्हणून दिलेली साइट दहा-बारा वर्षांची असेल तर तिचं जवळजवळ निम्मं तेज संपलेलं आहे.

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवणाऱ्यांकडून तर साइट आणि फीडिंगचे दोन्ही प्रश्न एकदम घरी येतात. काही डिझाइनमध्ये डॉटच्या स्क्रूचं भोक एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगच्या खोबणीवर उघडतं. स्क्रू जरा लांब गेला की तो आत टेकतो, एक्स्ट्रॅक्टर जखडतो आणि केसा अडकायला लागतात. मग एक्स्ट्रॅक्टर विकला जातो. डॉट उतरवून दहा राऊंड मारा. अडकणं थांबलं तर स्क्रू बदला. बहुतेक डॉटना १२ ते १५ इंच-पौंड ताण पुरतो, नक्की आकडा सोबतच्या पत्रकात असतो.

वापरलेलं पिस्तूल ‘नवं’ म्हणून दिलं असेल तर नळीतली थोडी काजळी हा पुरावा नव्हे, कारखान्यातही चाचणीचे बार मारतात. साइटच्या खाचेवरचे आणि पिनांवरचे हत्यारांचे ओरखडे, रेल्सवर उघडा पडलेला पांढरा धातू, मॅगझिनच्या ओठांवरची झीज हे बघा. फ्रेम, स्लाइड आणि नळीवर जिथे जिथे क्रमांक असेल तिथे तो कागदाशी ताडून घ्या.

दुरुस्तीला देण्याआधी नळी, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, रॅम्प आणि प्रत्येक मॅगझिनचा जवळून फोटो काढा, रिकॉइल स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून पावतीवर लिहून घ्या. पावतीवरच लिहा, ‘विचारल्याशिवाय कोणताही भाग घासू नये, कापू नये, काढलेला भाग परत द्यावा.’ परत मिळालेला ‘खराब’ भाग फोटोशी जुळवा. मोजून दिलेल्या स्प्रिंगच्या जागी भलत्याच मॉडेलची गंजकी स्प्रिंग पुडीत मिळाली, तर तुमची चांगली स्प्रिंग अजून त्यांच्या खणात आहे.