कोरल्स खेटून लावलेली टाकी: जवळपास वर्षभरानंतरचा अनुभव

माझी रीफ टाकी, म्हणजे कोरल्सची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी, २० गॅलनची, साधारण ७५ लिटरची. इथे न्यू जर्सीत फ्रॅग (लावायला कापलेले कोरलचे तुकडे) सहज मिळतात आणि एवढ्याशा टाकीत प्रत्येकाभोवती वीतभर जागा सोडायची म्हटली तर चार-पाच कोरल्समध्येच खडक संपतो. म्हणून सुरुवातीपासून दाटीवाटीनंच लावायचं ठरवलं. टाकी पहिल्या महिन्यापासून भरलेली दिसली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ही दाटी टिकते की नाही हे किती अंतर ठेवलं यापेक्षा शेजारी कोण बसवलंय यावर ठरतं, असं माझं मत झालंय.

सगळ्यात छान जमलं ते झोआंचं, म्हणजे बटणासारख्या छोट्या मऊ कोरल्सचं. सहा-सात रंग एकाच सपाट दगडावर चिकटवले. एकमेकांना डंख वगैरे काही नाही. जोमानं वाढणारा रंग लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखा सरकत सरकत जागा करून घेतो, एवढंच. मग कापून आवरावा लागतो. कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण काही झोआंत, विशेषतः पॅलिथोआ या त्यांच्या जातभाईंत, पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. दगड उकळून साफ करायचं तर मनातही आणू नका. त्या वाफेनं माणसं हॉस्पिटलात पोचली आहेत. मशरूम कोरल्सही असेच गुण्यागोविंदानं राहिले.

हॅमर आणि फ्रॉगस्पॉन या दोन कोरल्सच्या फांद्या आता एकमेकांत गुंतल्यात, दोघंही फुललेले. टॉर्च नावाच्या तिसऱ्या कोरलचं मात्र त्यांच्याशी पटलं नाही. हे तिघं पूर्वी युफायलिया या एकाच प्रजातीत होते. आता हॅमर-फ्रॉगस्पॉन फिम्ब्रियाफायलिया या वेगळ्या प्रजातीत गेलेत आणि टॉर्च मागेच राहिला. माझ्या खडकावरही तीच वाटणी दिसते. दिवसा टॉर्च आणि हॅमरमध्ये चांगली चार बोटं जागा असायची. तरी हॅमरचं त्या बाजूचं एक तोंड सोलून निघालं, आतला पांढरा सांगाडा दिसायला लागला. रात्री टाकीचे लाइट बंद झाल्यावर लाल बॅटरी मारून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. टॉर्चनं स्वीपर सोडले होते. स्वीपर म्हणजे नेहमीच्या टेंटॅकल्सपेक्षा (स्पर्शकांपेक्षा) कितीतरी लांब, टोकाला पांढुरके, डंखपेशींनी भरलेले तंतू. पाण्याचा झोत ज्या दिशेला, त्या दिशेला ते लोळतात. पंपाचं तोंड फिरवून टॉर्च झोताच्या शेवटाला येईल असं केलं, तेव्हापासून हॅमर सावरतोय. गॅलॅक्सिया नावाचं कोरल तर मी आणलंच नाही. त्याचे स्वीपर वीतभर सहज जातात, लहान टाकीत त्याला जागाच नाही.

फेव्हिया या कोरलची गोष्ट वेगळी. दिसायला निरुपद्रवी गोळा, वाढतो अगदी सावकाश. पण शेजारी टेकला की रात्री पोटातले पाचक तंतू बाहेर काढून त्याला जागच्या जागी पचवतो. जुडिथ लँग यांनी जमैकाच्या प्रवाळांवर काम करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवलं होतं: सावकाश वाढणारी कित्येक कोरल्स भरभर वाढणाऱ्यांना अशीच रोखून धरतात. फेव्हियाचा दगड मी सुटा ठेवलाय. खरं तर सगळेच फ्रॅग छोट्या सुट्या दगडांवर चिकटवावेत, मुख्य खडकावर नकोत. ग्लू एकदा धरला की कोरल हलवताना मोडतं.

न दिसणारं भांडण पाण्यातून चालतं. माझ्याकडे टोडस्टूल लेदर हे एक मऊ कोरल आहे. लेदर कोरल्स पाण्यात टर्पीनसारखी रसायनं सोडतात, त्यांनी दगडी (कठीण सांगाड्याची, हॅमरसारखी) कोरल्स मिटून बसतात. अंतर ठेवून याचा काही उपयोग नाही, पाणी एकच. ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी दर तीन-चार आठवड्यांनी बदलतो. उशीर झाला की हॅमर आधी सांगतो. हा कायमचा खर्च धरून चाला. शिवाय कोरल्स वाढली तशी अल्कलिनिटी (सांगाडा बांधायला लागणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा) भराभर उतरू लागली. ती ८ ते ९ डीकेएच (तिचं मोजमाप) टिकवायला सुरुवातीला पाणी बदलणं पुरायचं, आता रोज डोसिंग, म्हणजे वरून द्रावण घालणं, लागतं. फांद्यांच्या मधे घाण साचते ती वेगळीच; ड्रॉपरनं फुंकून काढावी लागते.

फोटो बघून पुण्याचे मित्र विचारतात, आपल्याकडे लावता येईल का? सगळी दगडी कोरल्स भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्याच यादीत. दुकानदार गुपचूप द्यायला तयार असला तरी घेऊ नका.

गुण द्यायचे तर झोआ-मशरूमच्या खालच्या भागाला पाचपैकी पाच, वरच्या खडकाला जेमतेम अडीच. टॉर्च आता दुसऱ्या, मोठ्या टाकीत हलवतोय. त्याच्या जागी आणखी एक फ्रॉगस्पॉन येईल, आणि तो हॅमरला खेटूनच.