ओपिनेल क्रमांक ८ : संत्र्याच्या बगीच्यात वर्षभर खिशात बाळगलेला चाकू

वरुड तालुक्यातल्या आमच्या बगीच्यात पाऊल टाकल्यावर खिसा चाचपला आणि चाकू घरीच राहिल्याचे लक्षात आले, की मला हात मोडल्यासारखे वाटते. बोरीची शिवण उसवायची असते, सुतळी तोडायची असते, ठिबकची फुटलेली नळी कापून जोडायची असते, आणि ही कामे घरी जाऊन विळा आणेपर्यंत थांबत नाहीत. माझ्या वडिलांच्या खिशातही गावच्या लोहाराने करून दिलेला घडीचा चाकू कायम असे, त्यामुळे ही सवय मला घरातूनच लागली. आमच्या भागात घडीचा चाकू म्हटले, की लोकांना आधी रामपुरी आठवतो आणि बाळगणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कास्तकाराच्या खिशातला चाकू हे पाना किंवा पक्कड यांच्यासारखेच अवजार आहे.

गेल्या वर्षभर मी ओपिनेल या फ्रेंच बनावटीचा क्रमांक ८ चा चाकू वापरत आहे. फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू पहिल्यांदा घडवला, तो शेतकऱ्यांसाठी आणि गुराख्यांसाठीच. पुढे १८९७ मध्ये १ ते १२ अशा क्रमांकांची लहान-मोठी मापे ठरली, त्यांतले ८ हे मुठीत नीट मावणारे माप. पाते साडेआठ सेंटिमीटरचे, मूठ बीच नावाच्या लाकडाची, मिटल्यावर लांबी सुमारे ११ सेंटिमीटर आणि वजन जेमतेम ४५ ग्रॅम, त्यामुळे सदऱ्याच्या खिशात त्याचे ओझे म्हणून जाणवत नाही.

मागवताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. हे पाते दोन प्रकारच्या पोलादात मिळते आणि प्रकार पात्यावरच उमटवलेला असतो : ‘कार्बोन’ म्हणजे गंजू शकणारे कार्बन पोलाद आणि ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारे. मी कार्बोन मागवला असताना ऑनलाइन विक्रेत्याने इनॉक्स पाठवला आणि बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. दिसायला दोन्ही सारखेच असल्यामुळे, पार्सल उघडल्यावर आधी पात्यावरची अक्षरे वाचावीत.

गंजणारे पाते मुद्दाम का घ्यावे, असे मला अनेकांनी विचारले. पहिले कारण धार. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या दुहेरी दगडावर, पाणी शिंपडून, दोन्ही बाजूंनी दहा-बारा हात फिरवले, की या पात्याला अशी धार येते की ओल्या डहाळीचा काप काचेसारखा गुळगुळीत निघतो. दुसरे कारण आमच्या बगीच्याचे आहे. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळून साल सडण्याचा रोग, लागलेल्या झाडाची सडलेली साल तासून काढावी लागते, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावी लागते आणि मग मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर या प्रमाणात केलेला बोर्डो हा बुरशीनाशक मलम लावावा लागतो. साल तासताना तपकिरी, कुजका भाग संपून खालचा जिवंत, फिकट भाग लागला, की हात तिथेच थांबला पाहिजे. बोथट पात्याने जोर लावावा लागतो आणि चांगली सालही सोलून निघते. पातळ, तिखट धारेचे हे पाते मात्र कुठे थांबायचे ते बोटांना कळवते.

बोर्डो तयार झाल्यावर हाच चाकू आणखी एका कामी येतो. स्वच्छ पुसलेले पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढले आणि त्यावर तांबूस थर चढलेला दिसला, तर मोरचुदातले तांबे अजून मोकळे आहे आणि चुना कमी पडला आहे असे समजावे. चुन्याची निवळी थोडी-थोडी घालत पाते पुन्हा बुडवायचे. तांबूसपणा चढेनासा झाला म्हणजे मिश्रण जुळले. ही परीक्षा जुनी आहे आणि ती उघड्या लोखंडावरच भरवशाची, न गंजणारे पाते तिथे उपयोगाचे नाही. परीक्षा झाल्यावर पाते लगेच धुऊन कोरडे करावे. याच चाकूने पुढे कांदा कापायचा असेल, तर साबण लावून धुतल्याशिवाय कापू नये.

मुठीच्या तोंडाशी असलेले फिरते कडे हा या चाकूचा जीव आहे. १९५५ मध्ये ही सोय आली. पाते उघडून कडे फिरवले, की पाते मागे मिटत नाही, आणि अलीकडच्या चाकूंत ते मिटलेल्या स्थितीतही अडकवता येते. बाजारातल्या बिनकड्याच्या एका चाकूने पूर्वी ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापताना पाते उलटे मिटून माझ्या तर्जनीला खोल जखम झाली होती, तिचा वण अजून आहे. त्यामुळे कडे फिरवल्याशिवाय मी या चाकूने साधी सुतळीही तोडत नाही, आणि घरातल्या मुलांनाही आधी कडे फिरवायलाच शिकवले आहे.

आता उणिवा. लाकडी मूठ दमट हवेत फुगते, आणि मृगापासून पोळ्यापर्यंत आमच्याकडे हवा दमटच असते. तेव्हा पाते घट्ट बसते आणि नखाच्या खाचेला धरून उघडता येत नाही. अशा वेळी कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टणक वस्तूवर ठोकले, की पाते थोडे बाहेर येते. सावोयचे लोकही हेच करतात. मी उन्हाळ्यात, लाकूड खडखडीत कोरडे असताना, मुठीला जवसाचे तेल चोळून आठवडाभर सावलीत वाळवले, त्यानंतर फुगणे बरेच कमी झाले. जवस आपल्याकडे पिकतो, तेल घाणीवर मिळते. मात्र ते वाळून चिकट होते, म्हणून पात्याच्या बिजागरीला लावू नये, तिथे आणि पात्याला खोबरेल तेल पुरते.

गंजाची काळजी रोजची आहे. मागच्या पावसाळ्यात लिंबू कापून चाकू तसाच ओला मिटून खिशात ठेवला, तर सकाळी पात्यावर तांबडे ठिपके होते. चूक माझीच होती. ते ठिपके राखेने घासून काढले. रोज कापून, पुसून पात्यावर हळूहळू निळसर करडी छटा चढते, ती घासून काढू नये, कारण तिच्यामुळे गंज कमी धरतो.

शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतल्या माझ्या मित्राने जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्यासाठी, म्हणजे कलम करण्यासाठी, हा चाकू वापरून पाहिला आणि परत दिला. कलमाच्या चाकूला एका बाजूने सपाट पाते आणि साल उचलायची चपटी जीभ लागते, ती याला नाही, आणि त्याचे म्हणणे मला पटले. डबा उचकटायला किंवा खिळा काढायलाही हे पातळ पाते वापरू नये, टोक मोडेल. खताची ने-आण रोज करणाऱ्याने आणि पुसण्याचा कंटाळा असणाऱ्याने सरळ इनॉक्स घ्यावा.

कायद्याबद्दलही विचारणा होते. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. हे पाते साडेतीन इंचही भरत नाही. तरीही बाजारात, सभेत किंवा भांडणाच्या जागी मी तो नेत नाही, आणि विमानाने जायचे झाल्यास तो सामानात द्यावा लागतो.

किमतीत बाजारातले पाच-सहा साधे चाकू आले असते. या पोळ्याला बैलांची जुनी वेसण याच चाकूने एका हिसक्यात कापली, बैलाने मान झटकली नाही, आणि शेजारच्या दोघांनी तिथेच कोणता चाकू म्हणून विचारले. दोघांनाही मी कार्बोनच सांगितला, आणि सोबत खोबरेल तेलाची डबी ठेवायला सांगितली.